नाही म्हणणारी संस्था

नेपाळात काही वर्षांपूर्वीपर्यंत ७५ जिल्हे होते, पण नोंदणी झालेल्या बालगृहांपैकी सुमारे ९० टक्के त्यांतल्या पाचच जिल्ह्यांत होती: काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन. नेपाळची सहल केलेल्या माणसाला ही यादी ओळखीची वाटेल. पशुपतिनाथ, पाटणचा दरबार चौक आणि भक्तपूरची मंदिरं पहिल्या तिघांत येतात, पोखऱ्याचं फेवा तळं कास्कीत आणि गेंडे बघायला जायचं ते चितवनला. उलट पश्चिमेकडचे डोंगराळ, गरीब, यादवी युद्धात होरपळलेले जिल्हे या यादीत नाहीत. आईबाप गमावलेली मुलं नेमकी पर्यटकांच्या वाटेवरच इतकी कशी सापडतात? परदेशी जाऊन वर्षभर सेवा करण्याच्या उद्योगाचं अर्धं गणित या प्रश्नात आहे.

कॉनर ग्रेनन हा अमेरिकन तरुण २००४ च्या अखेरीस नेपाळात पोचला, तेव्हा हा प्रश्न फारसं कुणी विचारत नव्हतं. तो २९ वर्षांचा होता. युरोपातल्या एका धोरणविषयक संस्थेतली नोकरी सोडून, साठवलेल्या पैशांवर तो वर्षभराच्या जगप्रवासाला निघाला होता आणि सुरुवात करणार होता तीन महिन्यांच्या सेवेने. ही सेवा त्याला कशासाठी हवी होती, हे पुढे त्याने ‘लिटल प्रिन्सेस’ या पुस्तकात हातचं न राखता सांगितलं आहे. वर्षभर नुसता हिंडतोय म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडत. आधी अनाथाश्रमात काम करणार आहे म्हटलं की तेच लोक कौतुक करत.

काठमांडू खोऱ्याच्या दक्षिण टोकाला गोदावरी नावाचं गाव आहे. तिथल्या बालगृहात १८ मुलं होती. ग्रेननला नेपाळी येत नव्हतं, मुलं सांभाळण्याचा अनुभवही नव्हता. तरी त्याला प्रवेश मिळाला, आणि पहिल्याच दिवशी फाटकातून आत शिरताच मुलं त्याच्या अंगाखांद्यावर चढली. पुढचे तीन महिने जेवणं, अभ्यास, भांडणं, आजारपणं यांत गेले. त्याला मुलांचा लळा लागला आणि पुढल्या वर्षी तो परत आला.

या दुसऱ्या मुक्कामात एक बाई त्या घराशी आली. आतल्या दोन भावांची ती आई होती.

मग हळूहळू सगळं उलगडत गेलं. मुलं हुमला जिल्ह्यातली होती. तिबेटच्या सीमेला टेकलेल्या या दुर्गम भागात तेव्हा मोटार जाईल असा रस्ता नव्हता. १९९६ ते २००६ या युद्धकाळात माओवादी घराघरांतून मुलं मागत होते. अशा वेळी एक दलाल गावात येई, मुलांना काठमांडूत सुरक्षित ठेवतो, चांगल्या शाळेत घालतो म्हणे आणि त्यासाठी आईबापांकडून मोठी रक्कम घेई. लोकांनी त्यासाठी घरातलं होतं नव्हतं ते विकलं. काठमांडूला पोचल्यावर मुलांना अनाथ ठरवलं जाई किंवा वाऱ्यावर सोडलं जाई. गोदावरीच्या घराला कुणाची फसवणूक करायची नव्हती, तिथली माणसं मुलांवर जीव लावणारी होती. पण या मुलांचे आईबाप काही दिवसांच्या वाटेवर जिवंत आहेत, हे त्या घरातल्या कुणाला माहीत नव्हतं.

ग्रेननने २००६ मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन नेपाळ’ ही संस्था काढली आणि त्याच वर्षी मुलांचे फोटो घेऊन तो हुमलाच्या वाटेला लागला. सिमीकोटपर्यंत विमान, पुढे पायी. गावागावांत फोटो दाखवायचे, नावं जुळवायची, आईबाप सापडले की त्यांच्याशी बोलायचं. या कामात मुलांना घास भरवणं नाही, गाणी शिकवणं नाही, मिठी मारून फोटो काढणं तर नाहीच. भाषा येणारे स्थानिक सहकारी, कागदपत्रं, चिकाटी आणि वेळ लागतो. तीन महिन्यांसाठी आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हे काम कुणी देणार नाही. आणि मुलांना खरी गरज होती ती याच कामाची.

त्यामुळे ग्रेननची गोष्ट वाचताना ‘चांगल्या मनाचा तरुण आणि बिचारी मुलं’ एवढ्यावर थांबता येत नाही. वाईट हेतू नसलेल्या ठिकाणी, वाईट हेतू नसलेला माणूस गेला, तरी मूळ प्रश्न तसाच राहिला. म्हणून संस्था निवडताना चालकांचा चेहरा किती प्रेमळ आहे हे पाहून भागत नाही. तिथे पैसा कुठून येतो, कुणाकडे जातो आणि कशामुळे वाढतो, हे पाहावं लागतं.

पैशाचा प्रवास साधारण असा असतो. लंडन, सिडनी किंवा न्यूयॉर्कमधला विद्यार्थी एका कंपनीला शुल्क भरतो. त्यातला काही भाग जाहिरात, कार्यालय आणि नफ्यात जातो, काही काठमांडूतल्या मध्यस्थाकडे आणि उरलेला बालगृहाकडे. स्वयंसेवक मुलांसाठी येतात, म्हणजे मुलं असली तरच शुल्क येतं. मुलं घरी परत गेली तर उत्पन्न बंद. मुलं गुटगुटीत, चांगल्या कपड्यांत दिसली तर देणगीदाराचा हात आखडतो. नेपाळ आणि कंबोडियात काही ठिकाणी मुलांना मुद्दाम हलाखीत ठेवल्याचं उघड झालं, त्यामागे हाच हिशेब होता. नेपाळच्या बालगृहांतल्या किमान ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील, दोघांपैकी एक तरी हयात आहेत, असं युनिसेफने सांगितलं आहे.

बालगृहात सतत बदलणाऱ्या पाहुण्यांचा मुलांवर काय परिणाम होतो, यावर दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधक लिंडा रिश्टर आणि एमी नॉर्मन यांचा २०१० चा निबंध पुष्कळ उद्धृत केला जातो. अनोळखी माणसाला पाहताच धावत येऊन बिलगणारं मूल पाहून स्वयंसेवकाचा ऊर भरून येतो. या संशोधकांच्या मते मात्र ते लक्षण काळजी करण्यासारखं आहे. कायमचं माणूस नसलेलं मूल मिळेल त्याला धरतं, तो माणूस महिन्याभराने विमानात बसतो, मग पुढचा येतो. घरात वाढणारं दोनतीन वर्षांचं मूल परक्याला पाहून आईच्या पदराआड लपतं, आणि ते निरोगीपणाचं लक्षण आहे.

तारा विंकलर ही ऑस्ट्रेलियन तरुणी यातून आणखी वेगळ्या वाटेने गेली. २००५ मध्ये, विशीत पाऊल टाकण्याआधीच, ती कंबोडियाला गेली, बट्टमबांगचं एक बालगृह पाहून हेलावली आणि परत जाऊन तिने पैसे उभे केले. २००७ मध्ये पुन्हा आली तेव्हा तिला कळलं की त्या घरात मुलांची उपासमार होते, त्यांच्यावर अत्याचार होतात. स्थानिक लोकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या मदतीने १४ मुलांना तिथून बाहेर काढलं आणि तिने जेथा पोन या कंबोडियन सहकाऱ्याबरोबर ‘कंबोडियन चिल्ड्रन्स ट्रस्ट’ स्थापन केला. इथवर ही शौर्यकथा आहे. पुढे तिच्या लक्षात आलं की आपण चालवतो तेही शेवटी बालगृहच आहे आणि यातल्या बहुतेक मुलांना घरं आहेत, नातलग आहेत. गरिबीमुळे ती घरं मुलांना सांभाळू शकत नव्हती. ट्रस्टने कामच बदललं: मुलं कुटुंबांकडे परत पाठवायची आणि कुटुंबांना उभं राहायला मदत करायची. मुलाला संस्थेत ठेवण्यापेक्षा घरी ठेवून कुटुंबाला आधार देणं स्वस्तही पडतं. २०१६ मध्ये सिडनीच्या टेडएक्स मंचावरून तिने हे जाहीरपणे मांडलं. ज्या कामामुळे तिला देशात मान मिळाला, त्याच कामाविरुद्ध ती बोलत होती.

कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत बालगृहांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. त्या काळात देशात अनाथ मुलांचं प्रमाण वाढत नव्हतं, पर्यटक मात्र वाढत होते. २०११ मध्ये ‘फ्रेंड्स इंटरनॅशनल’ या संस्थेने मोहीम चालवली, तिचं घोषवाक्य होतं: मुलं म्हणजे प्रेक्षणीय स्थळं नाहीत. २०१३ मध्ये ‘रिस्पॉन्सिबल ट्रॅव्हल’ या ब्रिटिश पर्यटन कंपनीने अनाथाश्रमात सेवा देण्याच्या सहली विकणं थांबवलं. ऑस्ट्रेलियाने २०१८ चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा आणताना, बालगृहं भरण्यासाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीला गुलामगिरीचाच प्रकार मानलं. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात बालगृहांतल्या या पर्यटनाच्या धोक्यांची दखल घेतली. म्हणजे आज एखादी संस्था ‘या, मुलांवर प्रेम करा, अनुभवाची गरज नाही’ अशी जाहिरात करत असेल, तर तिने गेली दहाबारा वर्षं डोळे मिटून घेतलेले आहेत.

मुलांना हात न लावणाऱ्या कामांतही हाच घोळ दिसतो. पिपा बिडल ही अमेरिकन मुलगी शाळेत असताना इतर मुलींबरोबर टांझानियाला गेली होती. सहलीचा खर्च प्रत्येकी सुमारे ३००० डॉलर, आणि काम होतं एका अनाथाश्रमाच्या वाचनालयाचं बांधकाम. मुली दिवसभर विटा रचत. एके सकाळी तिला कळलं की मुलींनी रचलेल्या भिंती रोज रात्री गावातले गवंडी उतरवतात आणि सकाळपर्यंत पुन्हा नीट बांधतात, मुलींना वाईट वाटू नये म्हणून. २०१४ मध्ये तिने हे लिहिलं आणि जगभर त्यावर वाद झाला. त्या गावात गवंडी होते, त्यांना काम हवं होतं. विमानाचे पैसे थेट त्यांच्या मजुरीला लावले असते तर कितीतरी बांधकाम झालं असतं.

दक्षिण आफ्रिकेत स्वयंसेवक सिंहाच्या बछड्यांना बाटलीने दूध पाजतात. जाहिरातीत सांगितलेलं असतं की पिल्लं पोरकी आहेत, मोठी झाली की जंगलात सोडणार. ‘ब्लड लायन्स’ या २०१५ च्या माहितीपटाने दाखवलं की माणसांच्या अंगवळणी पडलेले असे सिंह मोठे झाल्यावर कुंपणातल्या शिकारीसाठी पुरवले जातात. इथेही पिल्लू ‘पोरकं’ असायला कुणीतरी त्याला आईपासून तोडावं लागतं.

मग भरवशाची संस्था ओळखायची कशी? या क्षेत्रात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या अनुभवाचा गाभा असा की तिचं दार सहज उघडत नाही. अमेरिकन सरकारच्या ‘पीस कोअर’मध्ये जाणाऱ्या तरुणाला वैद्यकीय आणि कायदेशीर तपासणीतून जावं लागतं, सुमारे तीन महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन दोन वर्षं राहावं लागतं. १९५८ पासून काम करणारी ब्रिटिश ‘व्हीएसओ’ शिक्षक, नर्स, अभियंता असे कसब असलेले लोक मागते आणि त्यांच्या निर्वाहाचा खर्च स्वतः उचलते. संयुक्त राष्ट्रांचा १९७० मध्ये सुरू झालेला, बॉनला मुख्यालय असलेला स्वयंसेवक कार्यक्रमही निर्वाहभत्ता देतो. त्यात १८ ते २६ वयाच्या तरुणांसाठी वेगळा गट आहे आणि भारतीयांना अर्ज करता येतो. या संस्थांना माणूस नाकारणं परवडतं, कारण त्यांचं पोट त्याच्या शुल्कावर चालत नाही.

शुल्क घेणं हा काही गुन्हा नव्हे. राहणं, जेवण, विमा, समन्वयकाचा पगार यांना पैसे लागतातच. पण त्या रकमेतले किती पैसे यजमान गावात खर्च होतात, हे संस्थेला आकड्यांत सांगता आलं पाहिजे. इंग्लंड आणि वेल्समधल्या धर्मादाय संस्थांचे वार्षिक हिशेब चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत कुणालाही फुकट पाहता येतात. अमेरिकेतल्या ना-नफा संस्था कर खात्याला भरतात तो ९९० क्रमांकाचा फॉर्म सार्वजनिक असतो, त्यात वरिष्ठांचे पगारसुद्धा दिसतात. ऑस्ट्रेलियाची अशीच नोंदवही आहे. नावापुढे ‘फाउंडेशन’ लावलेली संस्था या नोंदींत सापडली नाही आणि ब्रिटनच्या कंपनी नोंदणीत खासगी मर्यादित कंपनी म्हणून सापडली, तर तेही कळलेलं बरं. कंपनी असणं वाईट नाही, पण सेवाभावी म्हणवून घेत धंदा करणं वेगळं.

मुलांशी संबंध येणाऱ्या कामात पोलिसांचा दाखला न मागणारी संस्था तिथेच बाद करावी. आपल्याला बिनतपासणी घेतलं, म्हणजे आपल्या आधी आलेल्यांनाही तसंच घेतलं असणार. भारतात हा दाखला पासपोर्ट सेवेमार्फत मिळतो, काही दिवस लागतात, आणि नेमकी तेवढी वाट पाहायची तयारी घाईतल्या संस्थेकडे नसते. नेपाळात पर्यटक व्हिसावर पगारी किंवा बिनपगारी कुठलंही काम करायला मनाई आहे, तरी कित्येक परदेशी त्याच व्हिसावर शिकवताना दिसतात. भारतीयांना तिथे व्हिसाच लागत नाही. म्हणजे आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी सीमेवरची ही चाळणीही नाही, संस्थेचीच काय ती.

कामाबद्दलचा प्रश्न अगदी साधा ठेवावा. आपण गेलो नाही तर हे काम कोण करतं? उत्तर ‘अमुक शिक्षिका करतात, तुम्ही त्यांच्या हाताखाली राहाल’ असं आलं तर ठीक. ‘मग वर्ग बंद राहतो’ असं आलं तर ती शाळा पाहुण्यांच्या वेळापत्रकावर चालते आहे. वैद्यकीय कामात यापेक्षा कडक निकष लागतो: जे आपल्या गावात करायची परवानगी नाही, ते दुसऱ्याच्या देशातही करू नये. मेडिकलला प्रवेश घ्यायचा म्हणून आफ्रिकेत जाऊन टाके घालणारी, दात उपटणारी मुलं होती आणि आहेत. रुग्ण गरीब असला म्हणून शिकाऊ हात त्याला चालतात असं नाही.

याहून जुनी आणि सरळ रीतही याच क्षेत्रात आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, स्विस शांतिवादी पिएर सेरेसोल यांनी फ्रान्समधल्या वेर्दंजवळच्या उद्ध्वस्त गावात निरनिराळ्या देशांच्या, कालपर्यंत शत्रू असलेल्या माणसांचं श्रमशिबिर भरवलं. त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ उभी राहिली. जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल मोजक्या साथीदारांसह भारतात आले. मदतकार्य राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखाली चालू होतं. त्यांना विचारून, त्यांनी दाखवलेल्या ठिकाणी भूकंपानंतर पुराच्या तडाख्यात आलेली गावं उंचावर वसवण्याचं काम या पाहुण्यांनी केलं. पुढे १९५० च्या दशकात याच संस्थेचे स्वयंसेवक वरोऱ्याजवळ आनंदवनात आले आणि दवाखान्याच्या इमारतींसाठी राबले. इमारत कशाची, कुठे आणि कुणासाठी, हे बाबा आमटे आणि आनंदवन ठरवत होतं. पाहुणे गेले, इमारती राहिल्या, त्या वापरणारं काम आधीपासून तिथे होतंच. २०१९ मध्ये विकासकामातल्या स्वयंसेवेसाठी जो जागतिक मानदंड तयार झाला, त्याचाही आग्रह हाच आहे की काम यजमान समाजाने ठरवावं आणि परिणामही त्याच्याच बाजूने मोजावा.

महाराष्ट्रात बारावीनंतर किंवा पदवीनंतर एक वर्ष मोकळं काढणं अजून सोपं नाही. पुढच्या प्रवेशाला गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं आणि नातेवाइकांना त्याहून मोठा खुलासा. त्या खुलाशासाठी परदेशातल्या सेवेचं प्रमाणपत्र कामाला येतं, परदेशी विद्यापीठाच्या अर्जातही शोभतं, आणि मध्यस्थ कंपन्यांना हे ठाऊक असतं. ग्रेनन ज्या कारणाने निघाला त्यापासून हे कारण फार लांब नाही. ते लपवायचीही गरज नाही. फक्त त्याची किंमत दुसऱ्या देशातल्या मुलाने मोजू नये. आणि निवडीतून जाणं म्हणजे काय, हे पाहायला परदेशीच गेलं पाहिजे असंही नाही. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेने २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘निर्माण’ उपक्रमात भरपूर प्रश्नांचा अर्ज आणि मुलाखत पार करावी लागते, आणि घासूनपुसून पाहिल्यावर काहीजणांना नकार मिळतो.

कधीकधी सगळ्यांनाच नकार द्यावा लागतो. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळात मदतीला येऊ पाहणाऱ्यांची रीघ लागली. सरकारने पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली आणि नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. जूनमध्ये युनिसेफने सांगितलं की तस्करीपासून किंवा विनाकारण बालगृहात दाखल होण्यापासून २४५ मुलांना अडवण्यात आलं आहे. त्याच सुमारास जाणत्या संस्था परदेशी हितचिंतकांना समजावत होत्या की बालगृहांत सेवेसाठी येऊ नका. आलेली माणसं आणि पैसा पाहून आणखी मुलं डोंगरातून खाली आणली जातील, ही त्यांची धास्ती होती.

एखाद्या संस्थेला लिहायचं ठरलंच, तर पहिल्या पत्रात आपल्याला काय येतं, किती महिने देता येतील, कुठली भाषा बोलता येते हे लिहावं आणि चार गोष्टी मागाव्यात: मागच्या वर्षीचे हिशेब, बालसंरक्षणाचं लेखी धोरण, स्थानिक भागीदाराचं नाव आणि तिथे काम करून आलेल्या दोघातिघांशी बोलायची सोय. तासाभरात ‘अभिनंदन, तुमची निवड झाली, आता आगाऊ रक्कम भरा’ असं उत्तर आलं तर पुढे लिहू नये. उत्तराला पंधरा दिवस लागले, संस्थेनेच उलट प्रश्नांची यादी पाठवली आणि शेवटी ‘सध्या आमच्याकडे तुमच्या जोगं काम नाही’ असं कळवलं, तर तो पत्ता वहीत लिहून ठेवावा, मधल्या काळात काहीतरी कामाचं शिकून घ्यावं आणि पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा अर्ज करावा.